फुटबॉल मॅनेजर: सलग हरणारी टीम पुन्हा रुळावर कशी आणायची?

डावा_बॅक

एफएम२४ (फुटबॉल मॅनेजर या कॉम्प्युटर गेमची २०२४ ची आवृत्ती). नुकतीच वर चढलेली टीम, वरच्या डिव्हिजनमधला पहिलाच हंगाम, माध्यमांचा अंदाज १७वा क्रमांक. पहिल्या ६ सामन्यांत ४ विजय, १ बरोबरी, १ हार. पुढच्या ७ सामन्यांत १ बरोबरी आणि त्यानंतर सलग ६ पराभव. या सातांत ४ गोल केले, १५ खाल्ले. टॅक्टिक तेच, अकरा जणही जवळपास तेच.

४-२-३-१, मेंटॅलिटी पॉझिटिव्ह, डिफेन्सिव्ह लाइन वर, हाय प्रेस, ट्रिगर प्रेस (किती वेळा अंगावर धावून जायचं) 'मच मोर ऑफन', काउंटर-प्रेस (चेंडू गेल्या गेल्या परत हिसकावणं), टेम्पो हायर, पास इंटू स्पेस (मोकळ्या जागेत पास). रोल आणि कंसात ड्यूटी, म्हणजे कोणी किती वर जायचं, असे: उजवीकडे विंगबॅक (अटॅक), त्याच्यापुढे इनसाइड फॉरवर्ड (अटॅक), मधल्या जोडीत उजवा बॉक्स-टू-बॉक्स. डावीकडे फुलबॅक (सपोर्ट), विंगर (सपोर्ट) आणि मधल्या जोडीतला डावा डीप-लाइंग प्लेमेकर (डिफेन्ड).

निम्म्याहून जास्त खेळाडूंचं मोराल (मनोबल) 'पुअर' किंवा त्याखाली गेलंय. सुरुवात कुठून करायची? टॅक्टिक पूर्ण बदलू, की आधी ड्रेसिंग रूम सांभाळू?

आडवा_बार

कशालाच हात लावू नका. आधी डेटा हब (गेममधलं आकडेवारीचं पान) उघडा आणि तीन गोष्टी लिहून काढा.

एक, पहिल्या ६ आणि नंतरच्या ७ सामन्यांचा एक्सजी (संधींच्या दर्जावरून अपेक्षित गोल) वेगवेगळा, आपला आणि विरुद्धचा. दोन, खाल्लेल्या १५ गोलांपैकी किती कुठून आले: क्रॉस, काउंटर, कॉर्नर, पेनल्टी. तीन, कोणत्या मिनिटाला. तिसरी गोष्ट बहुतेक जण बघत नाहीत आणि तिथेच अर्धं उत्तर सापडतं.

याच्याही आधी वेळापत्रक बघा. त्या ७ सामन्यांत बाहेरचे किती होते आणि तक्त्यात वरच्या अर्ध्यातले विरोधी किती? १७व्या क्रमांकाची टीम बाहेर जाऊन पहिल्या सहातल्या चौघांकडून ओळीने हरली तर तो आजार नव्हे, ते वेळापत्रक आहे.

शिट्टी

सामन्याआधीची सेव्ह उघडा, पुन्हा खेळा. मोराल सावरेपर्यंत दोन-तीन सामने असे काढले की गाडी आपोआप लागते.

आडवा_बार

@शिट्टी, त्याने निकाल बदलतो, कारण जिथल्या तिथे राहतं. उजवी बाजू उघडी असेल तर पुढच्या सामन्यातही ती उघडीच असणार. शिवाय तोच सामना चार वेळा खेळून एकदा जिंकला की आपलं टॅक्टिक चालतंय असा समज होतो. तो समज पराभवापेक्षा महाग पडतो.

गणितवाली

वेळापत्रकाच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देते.

समजा एका सामन्यात हरण्याची शक्यता ४०% आहे, म्हणजे तळाच्या भागातली नेहमीची टीम. सलग ५ हारण्याची शक्यता ०.४ चा पाचवा घात, म्हणजे साधारण १%. ऐकायला अशक्य वाटतं. पण ३८ सामन्यांच्या हंगामात अशी मालिका कुठेही सुरू होऊ शकते. तो हिशोब धरला तर साधारण पाचातल्या एका हंगामात सलग ५ पराभव नुसत्या योगायोगानेही येतात. 'सलग ५ सामने विजय नाही' हे तर त्याहून कितीतरी नेहमीचं. जिंकण्याची शक्यता ३५% असेल तर चारातल्या तीन हंगामांत ते घडतं.

म्हणून मालिकेच्या लांबीवरून निदान करू नये, एक्सजीवरून करावं. विरुद्धचा एक्सजी पूर्वीइतकाच असेल आणि गोल दुप्पट खाल्ले असतील, तर गोलकीपरचा फॉर्म आणि नशीब. एक्सजीच वाढला असेल तर खरंच काहीतरी मोडलंय.

आणखी एक. फटक्यांची संख्या बघून समाधान मानू नका. प्रत्येकी ०.०५ चे १६ फटके म्हणजे ०.८, प्रत्येकी ०.१५ चे ८ फटके म्हणजे १.२. आठवाली टीम जास्त धोकादायक. तुलनेला, एका पेनल्टीचा एक्सजी ०.७६ च्या आसपास असतो.

मधली_फळी

टॅक्टिक वाचल्या वाचल्या उजवी बाजू डोळ्यात भरली.

टॅक्टिक्सच्या पानावर जी रचना दिसते ती एफएम२४ मध्ये बचावाची रचना असते. चेंडू समोरच्यांकडे असताना खेळाडू कुठे उभे राहतील ते ती सांगते. हल्ल्यातला आकार रोल आणि ड्यूटी ठरवतात. अनेक जण ४-२-३-१ कडे हल्ल्याचं चित्र म्हणून बघतात आणि घोटाळा होतो. पुढच्या पट्टीतले तिघे आणि स्ट्रायकर मिळून चार जण बचावातही वरच थांबतात. मागे उरले सहा.

त्यात तुमचा उजवा विंगबॅक अटॅक ड्यूटीवर, म्हणजे चेंडू जातो तेव्हा तो समोरच्यांच्या पेनल्टी बॉक्सजवळ. इनसाइड फॉरवर्ड अटॅक ड्यूटीवर, तो मागे धावत येत नाही. आणि ज्याने ती जागा झाकायची तो बॉक्स-टू-बॉक्स, तोही वर गेलेला. उजव्या सेंटरबॅकला एकट्याने टचलाइनपर्यंत धावावं लागतं. तो बाहेर ओढला गेला की मध्ये भोक, नाही गेला की क्रॉस मोकळा.

पहिल्या ६ सामन्यांत हे का चाललं? कारण तेव्हा समोरचे तुम्हाला १७व्या क्रमांकाची टीम समजून अंगावर येत होते. त्यांच्या फुलबॅकमागे जागा होती, पास इंटू स्पेस फळत होतं. ४ विजयांनंतर एआय मॅनेजर सावध झाले, खाली बसले आणि चेंडू मिळताच तुमच्या मोकळ्या बाजूला फेकू लागले. टॅक्टिक तेच राहिलं, समोरचा खेळ बदलला.

ड्रेसिंगरूम_दादा

मधली_फळी यांचं निदान पटलं तरी क्रम पटत नाही. मोराल 'पुअर' असताना सर्वोत्तम टॅक्टिकसुद्धा अर्धवट चालतं. निर्णय चुकतात, सोपे पास हुकतात, पहिला गोल खाल्ला की देहबोलीच्या चौकटीत अर्धी टीम 'नर्व्हस' दिसते. म्हणून पहिला आठवडा मोरालचा.

डायनॅमिक्समध्ये (ड्रेसिंग रूममधले गट दाखवणारं पान) टीम लीडर्स बघा. ते तुमच्या बाजूने असतील तरच टीम मीटिंग बोलवा. लीडर नाराज असताना मीटिंग घेतली तर तो विरोधात बोलतो आणि त्याचा सगळा गट त्याच्या मागे जातो. तेव्हा मोराल होतं त्याच्याही खाली. आधी त्याच्या नाराजीचं कारण एकट्याला बोलावून मिटवा. तिथे वचन देताना सांभाळून, कारण 'जानेवारीत नवा डिफेन्डर आणतो' म्हणालात आणि पैसे नसले तर मोडलेलं वचन फेब्रुवारीत सगळ्या ड्रेसिंग रूमला कळतं.

ट्रेनिंगचे साप्ताहिक गुण बघा. ज्यांचे चांगले आहेत त्यांचं एकेकट्याचं कौतुक करा. खोटं कौतुक चालत नाही, सुमार गुणवाल्याला शाबासकी दिली तर तो गोंधळतो. खऱ्या कौतुकाने पाच-सहा जणांचं मोराल एका बैठकीत एक पायरी वर येतं आणि त्याला काही खर्च नाही.

वेळापत्रकात दोन टीम बाँडिंगची सत्रं टाका. मध्ये आंतरराष्ट्रीय सुट्टी येत असेल तर स्वतःच्या युवा टीमशी किंवा खूप खालच्या टीमशी एक मैत्रीपूर्ण सामना ठेवा. ४-० जिंकलेला सराव सामनासुद्धा मोराल उचलतो.

मॅचआधीच्या टीम टॉकमध्ये, समोरची टीम वरचढ असेल तर दडपण काढणारं बोला. हाफटाइमला ०-१ असेल आणि एक्सजी बरोबरीचा असेल तर रागावू नका. पाण्याची बाटली फेकण्याचा हावभाव या गेममध्ये आहे, पण खचलेल्या टीमसमोर ती फेकली तर उरलेले चार जणही नर्व्हस होतात.

मधली_फळी

@ड्रेसिंगरूम_दादा, मोरालची सगळी पथ्यं मान्य. पण मोराल सगळ्यात जोरात उचलतो तो निकाल, आणि उजवी बाजू उघडी राहिली तर निकाल येणार कुठून? मंगळवारी कौतुक करून चढवलेलं मोराल शनिवारी ०-३ ने पुन्हा जमिनीवर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असं व्हायला नको.

ड्रेसिंगरूम_दादा

तसं नव्हे. दोन्ही एकाच आठवड्यात करता येतं. माझा आक्षेप फक्त 'टॅक्टिक पूर्ण बदलू' याला आहे. नवी रचना म्हणजे फॅमिलिॲरिटी (टॅक्टिक किती अंगवळणी पडलंय) खाली, आणि खचलेल्या टीमला अनोळखी रचनेत उभं करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मधली_फळी

इथे एकमत. रचना ठेवा, रोल आणि ड्यूटी बदला. रोल बदलल्याने फॅमिलिॲरिटीला फार धक्का बसत नाही. रचना, मेंटॅलिटी, टेम्पो, पासिंगची पद्धत एकदम बदलली की बसतो.

हृदयचिन्ह

कंडिशनबद्दल अजून कोणीच बोललं नाही. धागाकर्ते, 'अकरा जणही जवळपास तेच' हे वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण माझ्या मते दुखणं तिथेच आहे.

'मच मोर ऑफन' प्रेस, हायर टेम्पो आणि काउंटर-प्रेस ही तिन्ही एकत्र म्हणजे खेळाडूंच्या पायातली ताकद सर्वात वेगाने संपवणारं त्रिकूट. मॅचच्या सकाळी हृदयाचं चिन्ह हिरवं दिसतं म्हणून आपण निर्धास्त असतो, पण ते त्या दिवसाचं कंडिशन. साठत गेलेला थकवा वेगळा मोजला जातो, तो मेडिकल सेंटरमधल्या धोक्याच्या यादीत बघा. तो वाढला की खेळाडू ६० मिनिटांनी कोसळतो, प्रेसला अर्धा सेकंद उशिरा पोचतो, आणि उशिरा पोचलेला प्रेस हा न केलेल्या प्रेसपेक्षा वाईट, कारण त्याची मूळ जागा आता रिकामी.

उपाय सरळ आहेत. ट्रेनिंगच्या 'रेस्ट' भागात कंडिशननुसार इंटेन्सिटी आपोआप कमी होईल असं लावा. मॅचच्या दुसऱ्या दिवशी रिकव्हरी सत्र. ज्याच्यापुढे विश्रांतीची खूण आली त्याला दोन-तीन दिवस ट्रेनिंगमधून मोकळं करा. बदली खेळाडूंना राखीव टीमकडून ४५ मिनिटं खेळवत राहा. नाहीतर तुम्ही रोटेशन करायला जाता आणि आत आलेल्याची मॅच शार्पनेसच (सामन्याचा सराव) नसते, मग 'हा कामाचा नाही' म्हणून परत तेच अकरा.

गणितवाली

@हृदयचिन्ह, नेमकं. म्हणूनच आडवा_बार यांनी मिनिटं मागितली होती.

जर्सी_६

थोडं विषयांतर. खऱ्या फुटबॉलमध्ये याची सुंदर उदाहरणं आहेत. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये २०१७-१८ साली क्रिस्टल पॅलेस पहिले ७ लीग सामने हरले, तेही एकही गोल न करता. मॅनेजर फ्रँक डी बोअर यांना ४ सामन्यांनंतर काढलं, रॉय हॉजसन आले, तेही पहिले तीन हरले. आठव्या सामन्यात विल्फ्रेड झाहा दुखापतीतून परतला आणि पॅलेसने चेल्सीला २-१ हरवलं. हंगामअखेर ११वा क्रमांक.

आडवा_बार

आणि २०१४-१५ चं लेस्टर. महिनोन्‌महिने तळाला, मग शेवटच्या ९ पैकी ७ सामने जिंकून १४वे. मॅनेजर नायजेल पिअर्सन यांनी मागे तीन डिफेन्डर लावले होते आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला लोनवर आलेला डिफेन्डर रॉबर्ट हूथ त्यात चपखल बसला. म्हणजे रचना बदलणं नेहमीच चूक नाही. तिला साजेसा खेळाडू हाताशी हवा.

जर्सी_६

खरंय. दुसऱ्या टोकाला २००७-०८ चं डर्बी: अख्ख्या हंगामात १ विजय, ११ गुण. नोव्हेंबरात मॅनेजर बदलूनही काही झालं नाही. टीमची मूळ कुवतच कमी असली की कोणतीच युक्ती पुरत नाही. त्यामुळे धागाकर्त्यांनी आपल्या खेळाडूंची इतर टीमशी तुलना करणारं पानही बघावं. सेंटरबॅकचा वेग लीगमध्ये शेवटून तिसरा असेल तर लाइन वर ठेवण्यात अर्थ नाही.

डावा_बॅक

सगळ्यांचे आभार, सगळं मोजलं.

एक्सजी: पहिल्या ६ मध्ये सरासरी आपला १.७, विरुद्धचा १.१. नंतरच्या ७ मध्ये आपला १.२, विरुद्धचा १.६.

१५ गोल: ६ उजवीकडून आलेल्या क्रॉसवर, ४ काउंटर, ३ कॉर्नर, १ पेनल्टी, १ लांबून. यातले ९ गोल ६०व्या मिनिटानंतर.

७ पैकी ४ सामने बाहेरचे, ३ विरोधी पहिल्या सहातले. मोठा थकवा असलेले ५ जण, त्यात दोघेही मधल्या जोडीतले. सेंटरबॅकचा पेस ११ आणि १२.

गणितवाली

७ सामन्यांत आपला एक्सजी ८.४ आणि गोल ४. विरुद्धचा ११.२ आणि गोल १५. म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून आठेक गोलांचं नशीब फिरलेलं आहे, ते आपोआप सुधारेल. पण सामन्यामागे अधिक ०.६ चा फरक उणे ०.४ झालाय, तो खरा बिघाड.

मधली_फळी

आता औषध ठरवता येतं. सध्याचं टॅक्टिक पहिल्या स्लॉटमध्ये तसंच ठेवा, त्याची प्रत दुसऱ्या स्लॉटमध्ये घ्या. दोन्हींचा सराव चालू राहील.

प्रतीत इतकंच बदला: उजवा विंगबॅक आता फुलबॅक (सपोर्ट). बॉक्स-टू-बॉक्सच्या जागी सेंट्रल मिडफिल्डर (डिफेन्ड). इनसाइड फॉरवर्ड अटॅकच राहू दे, कारण आता त्याच्या मागे दोघे आहेत. उजवीकडचा हल्ला थोडा बोथट होईल, त्याची भरपाई म्हणून डाव्या फुलबॅकला विंगबॅक (सपोर्ट) करा. त्याच्यामागे तुमचा प्लेमेकर डिफेन्ड ड्यूटीवर आहेच.

ट्रिगर प्रेस एक पायरी खाली, 'मोर ऑफन'. पेस ११-१२ च्या सेंटरबॅकसाठी डिफेन्सिव्ह लाइन 'स्टँडर्ड'. लाइन ऑफ एंगेजमेंटही (प्रेस कुठून सुरू करायचा ती रेषा) 'मिड ब्लॉक'वर आणा. एकच खाली आणली तर दोन ओळींत मोठं अंतर पडतं आणि समोरचा दहा नंबर (स्ट्रायकरमागचा खेळाडू) तिथे आरामात फिरतो. काउंटर-प्रेस बंद, 'रिग्रुप' (चेंडू गेला की मागे आपापल्या जागी परतणं) लावा. मेंटॅलिटी, टेम्पो, पासिंग यांना हात लावू नका.

आता हे तीन सामने न बदलता खेळा. पहिला हरलात तरी. दर सामन्याला नवं टॅक्टिक लावणाऱ्याला काय लागू पडलं तेच कधी कळत नाही.

हृदयचिन्ह

मधल्या जोडीतल्या एकाला पहिल्या सामन्यात बाहेर बसवा, दुसऱ्याला दुसऱ्या. ५५ ते ६५ मिनिटांदरम्यान दोन बदल आधीच ठरवून ठेवा, गोल खाल्ल्यावर नव्हे. पाच बदलींची सोय असताना ७५व्या मिनिटापर्यंत थांबणं ही सर्रास होणारी चूक आहे.

कोपरा_झेंडा

कॉर्नरवरचे ३ गोल कोणी मनावर घेतले नाहीत. १५ पैकी ३ म्हणजे पाचवा हिस्सा. एफएम२४ मध्ये सेट पीसची (कॉर्नर, फ्री किक वगैरे) मांडणी नवी आहे. सेट पीस कोच असेल तर त्याच्याकडे सोपवा, नसेल तर स्वतः बघा. जंपिंग रीच आणि हेडिंग दोन्ही चांगलं असलेले तिघे गोलसमोरच्या सहा यार्डांच्या चौकटीत झोनमध्ये ठेवा, जवळच्या पोस्टला एक नक्की. सर्वात बुटका खेळाडू त्यांच्या उंच सेंटरबॅकला मार्क करतोय का ते तपासा. दुखापतीनंतर किंवा बदलीनंतर हे नेमून दिलेलं काम भलत्याच्या गळ्यात पडतं. आठवड्यात एक सत्र कॉर्नरच्या बचावाचं ठेवा.

नवा_भिडू

एफएम२६ मध्ये हे सगळं कसं लागू करायचं? तिथे ड्यूटी दिसत नाहीत.

मधली_फळी

@नवा_भिडू, २६ मध्ये ड्यूटी काढून टाकल्यात आणि चेंडू आपल्याकडे असतानाची व नसतानाची अशा दोन वेगळ्या रचना दिल्यात. त्यामुळे हाच उपाय जास्त सोपा होतो: हल्ल्याची रचना तशीच ठेवून बचावाच्या रचनेत दोन्ही विंगरना खाली ओढून ४-४-१-१ करायचं. फक्त एका खेळाडूची दोन रचनांमधली जागा फार लांब ठेवू नका. चेंडू गेल्यावर तेवढं अंतर त्याला धावावं लागतं.

डावा_बॅक

तीन सामने झाले. बाहेर ०-०, विरुद्धचा एक्सजी ०.८. घरी ०-१, गोल कॉर्नरवर ३४व्या मिनिटाला, विरुद्धचा एक्सजी ०.९. मग बाहेर २-१, दोन्ही गोल डावीकडून, बदल ५८व्या मिनिटाला. उजवीकडून एकही गोल नाही. कॉर्नरवर जवळच्या पोस्टला ठेवलेला विंगर बदली होऊन बाहेर गेला होता, त्याची जागा रिकामीच होती; आता बदली खेळाडूंनाही नेमून दिलंय.

पुढचा सामना घरी, तळाच्या टीमशी. ते खाली बसून खेळतील असं स्काउट रिपोर्ट म्हणतो. पहिल्या स्लॉटमधलं जुनं टॅक्टिक काढू का?

मधली_फळी

अख्खं नको. खाली बसलेल्यांच्या मागे जागाच नसते, त्यामुळे पास इंटू स्पेस फुकट जातं. दुसऱ्या स्लॉटमधूनच सुरुवात करा, ते कलम काढा, रुंदी एक पायरी वाढवा, टेम्पो एक पायरी कमी. ६०व्या मिनिटाला गोलशून्य असेल तर उजवा फुलबॅक विंगबॅक (सपोर्ट) करा, अटॅक नको.

ड्रेसिंगरूम_दादा

आणि या सामन्याआधी दडपण काढणारं टीम टॉक नको. घरचं मैदान, समोर तळाची टीम, मागे एक विजय. इथे तुमच्याकडून जिंकण्याची अपेक्षा आहे असं स्पष्ट सांगा, हाफटाइमला पुढे असाल आणि कोणी 'कम्प्लेसंट' दिसला तर टचलाइनवरून 'फोकस'.

डावा_बॅक

केलं. शनिवारी रात्री खेळतो, एक्सजीसकट इथे टाकतो.